सोपानची पितळी मूठ

सोपान गेल्याचं यशवंतानं येऊन सांगितलं, तेव्हा मी रंधा मारत होतो. चिंचवडजवळच्या ज्या ओतशाळेत आम्ही तिघं नोकरीला, तिथलं आमचं सुतारखातं म्हणजे तसा सुखाचा कोपरा. लाकडाचा वास, पायाखाली मऊ भुसा आणि भट्टीची धग दोन भिंतींपलीकडे. यशवंता लेथवरचा माणूस, काम टाकून इकडे सहसा फिरकत नाही. तो दारात उभा राहिला, हातातलं तेलकट फडकं घडी करून खिशात घातलं, पुन्हा काढलं आणि म्हणाला, "महाळुंग्याहून सांगावा आलाय... सोपान गेला रे." मी रंधा फळीच्या टोकापर्यंत नेला. मध्येच उचलला तर लाकडावर खाच पडते, म्हणून हात आपला सवयीनं पुढे गेला. मग तो खाली ठेवला आणि फळीकडे बघत राहिलो. फळी चांगली गुळगुळीत झाली होती.

आम्ही दोघं तसेच कामाच्या कपड्यांत सायकलींवर निघालो. सोपान सहा-सात वर्षं ह्याच वाटेनं कामावर येत असे. इंद्रायणीला उतार मिळाला की सायकल खांद्यावर घ्यायची, पलीकडे गेल्यावर पाय झटकून टांग मारायची. पौष संपत आला होता, पाणी घोट्याएवढंच होतं. महाळुंग्याला पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. खांदा दिला आणि मला धसकाच बसला. खांद्यावर वजनच आलं नाही. साच्याची लोखंडी पेटी वाळूसकट एकट्यानं उचलणारा गडी, आणि त्याला चौघांनी धरायची गरजच नव्हती. वाटेत कोणीतरी म्हणालं, "सुटला बिचारा." ह्या सुटला म्हणणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे. पस्तिशीही न गाठलेला माणूस, घरात तरणी बायको, अंगात नाना खोड्या, त्याला कशातून सुटायचं होतं? त्याला फक्त श्वास हवा होता, आणि तो मिळाला नाही. बाकी त्याचं सगळं बरं चाललं होतं.

मी मूळचा रेवदंड्याजवळच्या एका वाडीतला. घरचा धंदा सुतारकीचा, होड्यांच्या डागडुजीचा. अलिबागेत मॅट्रिकपर्यंत शिकलो, पण हाताला लाकूडच गोड लागे, म्हणून इकडे ओतशाळेत आलो. आमचं काम समजायला सोपं आहे. मी लाकडाचा नमुना करायचा, मोल्डरनं तो पेटीतल्या ओलसर वाळूत दाबून अलगद काढून घ्यायचा, आणि मागे जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. सोपान मोल्डर. माझा पहिलाच नमुना घेऊन तो तरातरा सुतारखात्यात आला आणि म्हणाला, "ह्ये कुनी केलंय?" मी म्हटलं, मी. "व्हय का? मंग चल, वाळूतनं काढूनबी तूच दाव." मी गेलो, काढायला लागलो आणि साच्याची कड भसकन् ढासळली. तो इतका हसला की शेजारचे मोल्डर काम थांबवून बघायला लागले. त्या दिवसापासून मी त्याचा 'कोकण्या' झालो, तो अगदी शेवटपर्यंत.

त्याला एक खोड होती. मोल्डर लोक वाळूत पाणी आणि चिकणमाती बरोबर मिळालीय की नाही हे बघायला मूठभर वाळू आवळतात, मूठ उघडतात, तो मुटका मधोमध मोडतात आणि मोडलेली बाजू बघतात. सोपान हे जिथं तिथं करी. चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाखालची माती आवळून बघे, माझ्या खोलीवर भाकरीचं पीठ आवळून बघे. नदीकाठचा शेतकरी असल्यामुळे वाळूवर त्याची भक्तीच होती म्हणा ना. "माती अंगाला चिकटती राव. वाळू झटकली की गेली. नदीनं धुतल्याली चीज हाय ती, तिच्यात घान कसली?" असं तो नव्या कामगारांना सांगे. त्याला वावडं होतं ते धुराचं. भट्टी पेटली की तो तोंडाला फडकं बांधी आणि धुराला शिव्या देई.

पावसाळ्यात इंद्रायणी उतार देत नसे, तेव्हा तो माझ्या खोलीवर राही. तिथं समुद्राचा विषय निघाला. त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. तो मला विचारी, "आमच्या इंद्रायनीच्या किती पट आसंल?" मी म्हणे, "पट कसली? त्याला पलीकडचा काठच नाही." हे काही त्याला पटेना. "काठ न्हाई आसं पानी आसतंय व्हय? थापा मारू नगं." यशवंता नगरकडचा, दुष्काळी मुलखातला, त्यालाही काठ नसलेलं पाणी म्हणजे माझी बढाईच वाटे. दोघांनी मिळून मला इतकं पिडलं की शेवटी मीच म्हटलं, शिमग्याला चला माझ्या गावी, सायकलीनं, आणि तो पलीकडचा काठ शोधून काढा.

देशात पहिली निवडणूक होऊन गेली त्याच सालचा तो फाल्गुन. यशवंतानं चिंचवडातल्या दुकानातून सायकल भाड्यानं घेतली. मालकाला वाटलं हा देहू-आळंदी करून येईल, आणि आम्हीही त्याचा गैरसमज दूर केला नाही. सोपानची सायकल चाकणच्या बाजारात घेतलेली, जुनी आणि म्हशीसारखी जड. तिच्या कॅरियरला भाकऱ्या, लसणाची चटणी आणि कागदात बांधलेला गूळ. ह्या गुळाचं सांगायला हवं. ओतशाळेत धुळीत काम करणाऱ्याला पाळी सुटताना गुळाचा खडा मिळतो. घशातली धूळ गुळाबरोबर पोटात उतरते आणि मग बाधत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात. सोपान आपला खडा खात नसे. शिमगा जवळ आला की तो ते खडे साठवून ठेवी आणि सहलीला आणी. वाटेत पळस फुलले होते, काटेसावरीखाली लाल सडा पडला होता, लोणावळ्याच्या पुढे आंब्याच्या मोहराचा वास अंगावर येत होता. झाडाखाली बसून आम्ही शेंगदाण्यांबरोबर तो गूळ खाल्ला. बोरघाट उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. पेणला देवळाच्या ओसरीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी धरमतरला सायकली होडीत आडव्या घालून खाडी ओलांडली. इंद्रायणीत पट्टीचा पोहणारा सोपान त्या होडीत डोळे मिटून, एका हातानं सायकल आणि एका हातानं होडीची कड धरून बसला होता. यशवंतानं मुद्दाम होडी हलवली तेव्हा त्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग नारळीच्या बागा लागल्या, आणि त्यांच्यामागून समुद्र दिसला. सोपान सायकलवरून उतरला. मग खाली बसला, मूठभर ओली वाळू घेतली, आवळली, उघडली. मुटका लगेच फुटून बोटांतून सांडला. "जीव न्हाई हिच्यात," तो म्हणाला, "नुसतीच सैल हाय." थोड्या वेळानं मान वर करून दोन्ही बाजूंना पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पन केवढी रं... केवढी वाळू." पाण्याविषयी तो एक अक्षर बोलला नाही. पलीकडच्या काठाचा विषयही पुन्हा कधी निघाला नाही.

ओहोटी लागली की आमच्या किनाऱ्यावर ओली वाळू अशी घट्ट बसते की तिच्यावर सायकल सुसाट पळते. आम्ही तिघं शेजारी शेजारी, हात सोडून, ओरडत, धुळवडीचा रंग अंगावर तसाच, दिवस उतरेपर्यंत सायकली पिटाळत होतो. मागे वळून पाहिलं की चाकांच्या तीन रेघा, मध्येच एकमेकींत गुंतलेल्या, आणि जिथं यशवंता लाटेत घुसून पडला तिथं एक मोठा खड्डा. घरी आल्यावर आईनं तिघांनाही फैलावर घेतलं. "खाऱ्या पाण्यात लोखंड घालता? चार दिवसांत गंजून जाईल नाय तं काय!" आम्ही विहिरीच्या गोड्या पाण्यानं सायकली धुतल्या, साखळ्यांना खोबरेल लावलं, आणि मग कुठं आईनं पुरणपोळी वाढली. तिनं सोपानच्या गुळातलाच उरलेला गूळ पुरणात घातला होता. ती त्याला म्हणाली, "पोरा, तुझा गूळ चांगला हाय." तो लाजला. कारखान्याचा आहे हे त्यानं सांगितलं नाही.

परतताना घाट. सोपाननं तिथं एक नियम घालून दिला. घाटात सायकलवरून उतरायचं नाही. उतरला तो हरला, आणि हरला त्यानं वर पोचल्यावर चहा पाजायचा. मी आणि यशवंता पहिल्याच चढाला उतरलो आणि सायकली ढकलत, त्याला शिव्या देत निघालो. तो ती म्हशीसारखी सायकल उभा राहून रेटत, नागमोडी नेत, दिसेनासा झाला. वरच्या मोठ्या वळणावर पाहतो तर हा कठड्याला एक पाय लावून, सायकलवरच बसून, खाली आमच्याकडे बघतोय. "या की! का कडेवर घिऊ?" आणि वर लांबलचक शीळ. एवढा घाट चढून त्याच्या छातीत शीळ घालण्याइतका श्वास उरला होता. मला ते आज लिहितानाही खरं वाटत नाही.

दुसऱ्या साली धरमतरच्या होडीत माझ्या सायकलच्या हँडलची उजवी रबरी मूठ निसटून खाडीत पडली. परत आल्यावर सोपान म्हणाला, दुकानातली नको, मी देतो करून. मी त्याला हँडलच्या जाडीची लाकडाची कांडी कातून दिली. त्यानं तिच्यावर मेण थापलं आणि आपल्या उजव्या हातानं एकदाच, वाळू आवळावी तसं, कचकन् आवळलं. मग फोरमनची नजर चुकवून भंगारातल्या पितळेतून त्या मेणासारखीच मूठ ओतली. चार बोटांच्या चार खोल खाचा आणि अंगठ्याचा एक दाब. जड होती, उन्हात तापायची, आणि माझ्या हातात कधी नीट बसली नाही, कारण त्याचा हात माझ्याहून मोठा. मी कुरकुर केली तर म्हणाला, "बसंल हळूहळू. हात वाढंल तुजा." ती मूठ अजून त्याच सायकलला आहे.

त्याच पावसाळ्यात त्याला खोकला लागला. धुराचा, असं सगळेच म्हणाले. तो रस ओतायच्या जागेजवळ काम करी, तिथं धूर असायचाच. घाटात आपल्याला आता धाप लागणार, ह्या एकाच काळजीनं त्याला घेरलं. ओतशाळेत एक जागा अशी आहे की जिथं धूर नाही, धग नाही. तिला आम्ही झाडणी म्हणतो. लोखंड गार झालं की तिथं पेट्या फोडतात आणि वस्तूला चिकटलेली, करपून कोरडी झालेली वाळू घणानं, तारेच्या ब्रशनं झाडून काढतात. बंदिस्त शेड, हवेत सतत पिठासारखी पांढरी भुकटी, माणसं संध्याकाळी बाहेर पडतात ती गिरणीतून आल्यासारखी. पण धूर नाही. म्हणून त्या जागेला मोठी मागणी. सोपान फोरमनच्या मागे लागला. विनवण्या केल्या, ओळखी काढल्या, शेतातली कोवळी वांगी नेऊन दिली. शेवटी फोरमननं ऐकलं. बदली झाली त्या दिवशी सोपाननं अख्ख्या खात्यात पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाला, "धुरातनं निघालो बघ. आता वाळूच वाळू. घाटात शीळ आयकवतो का न्हाई बघ तुला." आणि पुढच्या शिमग्याला त्यानं ऐकवलीसुद्धा. खोकला कमी झाला होता. आम्ही सगळे म्हणालो, बघा, धुराचाच होता.

त्याच्या पुढच्या साली तो शेवटच्या वळणाला उतरला. साखळी पडली म्हणाला. मी जवळ गेलो तर साखळी जागेवर होती. त्यानं मग ती बसवल्यासारखं केलं. वर त्यानं चहा पाजला आणि साखळीला शिव्या दिल्या. त्याच्या पुढच्या साली घाटाच्या निम्म्यात उतरला, आणि ह्या वेळी काही सबब सांगितली नाही. त्या खेपेला आमच्या घरी ओटीवर तो झोपला असता आई त्याच्या उशाशी बसून राहिली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्याचा श्वास वरच्यावर चाललाय रे. खाली उतरत नाय. लक्ष ठेव." समुद्रावर मात्र त्याला बरं वाटे. खारं वारं छातीला चांगलं, असं तो स्वतःच ठरवून बसला होता. चार दिवस समुद्रावर काढायचे, ताजंतवानं व्हायचं आणि वर्षभरासाठी पुन्हा झाडणीत जाऊन बसायचं... असा त्याचा इलाज चालला होता.

त्या उन्हाळ्यात मी आणि यशवंता त्याला पुण्याला छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडात धरला आणि विचारलं, "तुम्ही दगड फोडता का? खाणीत कामाला आहात?" सोपान हसला. "न्हाई सायेब. आमी वाळूत." डॉक्टर म्हणाले, "तेच ते. वाळू म्हणजे बारीक झालेला दगडच. कोरडी असली की हवेत उडते, छातीत जाते आणि मग बाहेर निघत नाही." औषध विचारलं तर त्यांनी विश्रांती सांगितली, दूध-अंडी सांगितली, ती जागा ताबडतोब सोडायला सांगितलं. बरं होईल का, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. बाहेर येऊन आम्ही एका झाडाखाली उभे राहिलो. सोपान बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत होता. मग म्हणाला, "म्या मागून घेतलं राव... पेढं वाटलं."

त्यानं नोकरी सोडली, पण श्वास परत आला नाही. त्याच्या पुढच्या शिमग्याला तो हट्टानं आमच्याबरोबर आला, ती त्याची शेवटची खेप. जाता-येता घाटात आम्ही मालट्रकवाल्याला विनवून सायकली वर चढवल्या. किनाऱ्यावर त्याला सायकल चालवणं जमलं नाही. उपड्या होडीला पाठ टेकून तो बसला आणि मला व यशवंताला म्हणाला, "तुमी पळवा. म्या बघतो." आम्ही थोडी चालवली, पण दोन रेघांत मजा नव्हती. येऊन त्याच्याजवळ बसलो. त्यानं वाळू मुठीत घेतली होती, पण बोटांत आवळायचं बळच नव्हतं. ती नुसती धरून म्हणाला, "ह्या वाळूनं काय वाकडं केलं न्हाई माजं. ही खरंच धुतल्याली हाय." परतताना घाटात त्या मोठ्या वळणावर त्यानं ट्रक थांबवायला लावला. खाली उतरला, कठड्याला हात टेकून उभा राहिला आणि खालच्या रस्त्याकडे बघून त्यानं ओठांचा चंबू केला. वारं बाहेर आलं, शीळ आली नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तेव्हा मी त्याला धरून वर चढवलं.

तो गेल्यानंतर कारखान्याच्या फाटकापाशी काय बोलणं चाललं असेल? तर, सोपाननं गूळ खाल्ला नाही म्हणून असं झालं. मिळालेला खडा साठवून दोस्तांना चारला, मग धूळ बसणार नाही तर काय! हे म्हणणारे झाडणीतलेच लोक होते. गुळाचा खडा गालात धरून ते माझ्याशी कळवळ्यानं बोलत होते, आणि त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या होत्या. मी एकाला डॉक्टरांचं सांगू लागलो. तो म्हणाला, "सुतारभाऊ, तुमचं खातं येगळं. तुमाला नाय कळायचं." मला इतका संताप आला की मी सायकल काढून सरळ निघून गेलो.

तेराव्याला महाळुंग्याला गेलो, तर सोपानच्या वडिलांनी मला जवळ बसवून आनंदाची बातमी सांगितली. कंपनीनं मोठ्या मनानं धाकट्या मारुतीला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. सोपानच्याच जागी. मारुती विशी-बाविशीचा, भावासारखाच रुंद खांद्याचा, कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. मी वडिलांना म्हटलं, "बाबा, त्या जागेनंच सोपानला मारलं. त्या वाळूनं." ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "वाळूनं मानूस मरतंय व्हय? जलमभर नदीत बैलं धुतली आमी, वाळूत लोळलो, मेलो का? छातीचा रोग हुता त्यो. आन् तितं धूर न्हाई, सोपान सोता सांगायचा." मी पुष्कळ बोललो, आवाज चढवला, यशवंतानं माझा हात दाबला. म्हातारा चिडला नाही. घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं, आणि जमिनीच्या तुकड्यावर एवढी तोंडं चालत नव्हती, हे मलाही दिसत होतं.

आम्ही निघालो तेव्हा सोपानची बायको, हौसावहिनी, सायकलीपाशी उभी होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, कपाळ मोकळं. तिनं माझ्या सायकलची ती पितळी मूठ धरली होती, आणि आपलं एकेक बोट एकेका खाचेत ठेवून बघत होती. मी म्हटलं, "वहिनी, काढून देऊ का? तुमच्याकडे राहू दे." ती म्हणाली, "चुलीपाशी ठिवून काय करू? त्यांना दर्याला जायाचं आसायचं." मग घराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, सासऱ्याफुडं माजं चालत न्हाई. ह्यांनी मला समदं सांगितलं हुतं, घाटाचं बी आन् वाळूचं बी. तुमी एक करा. शिमग्याला मारुतीला न्या. दर साली न्या. आपल्या घरात औंदा सन न्हाई, पर त्याला न्या. घाटात त्याच्या मागं ऱ्हावा. ज्या साली त्यो उतरंल, त्या साली मला खरं सांगा. मंग म्या कुनाचं आयकायची न्हाई, त्याला हाताला धरून घरी आनीन."

मारुती कामावर लागला. सोपानच्याच सायकलवरून येतो, संध्याकाळी पांढरा होऊन बाहेर पडतो. गुळाचा खडा मात्र न चुकता खातो. शिमग्याला आम्ही तिघं गेलो. पळस फुलले होते, धरमतरच्या होडीत मारुतीनं डोळे मिटले नाहीत, आईनं त्याला पुरणपोळी वाढली आणि आत जाऊन डोळे पुसले. वाळूवर रेघा पुन्हा तीन झाल्या. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण नाही वाटलं. परतताना घाट लागला. यशवंता पहिल्याच चढाला उतरला. मी मात्र ह्या वेळी उतरलो नाही. मला मारुतीच्या मागे राहायचं होतं, त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येईल इतकं जवळ. तापलेली ती मूठ मी इतकी आवळली होती की बोटं खाचांत रुतली. तरीही तो मला टाकून पुढे गेला. वरच्या मोठ्या वळणावर कठड्याला एक पाय लावून, सायकलवरच बसून तो खाली बघत होता. "या की दादा!" तो ओरडला, आणि त्यानं शीळ घातली. लांब, स्वच्छ, दरीत घुमून परत आलेली. भाऊ हे करत असे, हे त्याला कोणी सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी महाळुंग्याला गेलो. हौसावहिनी अंगणात आली आणि काही न विचारता सायकलपाशी उभी राहिली. मी म्हटलं, "उतरला नाही वहिनी. शीळसुद्धा घातली." तिनं त्या पितळी मुठीवर हात ठेवला.

"पयल्या साली ह्ये बी उतरलं न्हवतं," ती म्हणाली. मग पदरानं त्या खाचांतली वाळू पुसून काढली, आणि पुढच्या शिमग्यापर्यंत सायकलला तेलपाणी करत जा, म्हणून मला बजावलं.